मोरबे ‘८८ मीटर’ झालं म्हणजे नक्की काय झालं?

खालापूर : ऑगस्ट-सप्टेंबर आला की मोबाईलवर मेसेज फिरतो, ‘मोरबे ८८ मीटरवर, धरण भरले’. नवी मुंबईकरांना हायसं वाटतं. पण धरण आहे आपल्या खालापूर तालुक्यात, चौकजवळ धावरी नदीवर. त्यामुळे हा आकडा आपल्यालाही वाचता आला पाहिजे.

८८ मीटर म्हणजे खोली नव्हे

बरेच जण समजतात की धरणात ८८ मीटर खोल पाणी आहे. तसं नाही. ही पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात. धरणाचा तळ मुळातच समुद्रापेक्षा उंच आहे, म्हणून प्रत्यक्ष खोली त्याहून बरीच कमी.

दुसरी गोष्ट. धरण म्हणजे सरळ उभा पिंप नाही, पसरट परात आहे. खाली तळ अरुंद, वर विस्तार मोठा. म्हणून तळातल्या एका मीटरपेक्षा वरच्या एका मीटरमध्ये कितीतरी जास्त पाणी मावतं. ‘दोनच मीटर बाकी’ असं वाचलं तरी ते दोन मीटर भरायला भरपूर पाऊस लागतो.

किती पाणी, किती दिवस?

पूर्ण भरल्यावर साठा १९०.८९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १९,०८९ कोटी लिटर. धरणाची क्षमता रोज ४५ कोटी लिटर पाणी देण्याची आहे. हिशेब केला तर सव्वाचारशे दिवस होतात. पण उन्हाने वाफ होते, तळाचा मृत साठा उपसता येत नाही, त्यामुळे दिवस कमी भरतात. हे पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात जातं. धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे.

वरचा डोंगर

हे पाणी येतं माथेरान आणि इर्शाळगडाच्या उतारांवरून. जो पाऊस धरण भरतो, तोच डोंगराची मातीही भिजवतो. खाली काळा कातळ, वर मातीचा थर. सलग पावसात थर जड होतो आणि कातळावरून सुटतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदतीची माणसं चालत वर गेली.

जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं, तर सकाळची वाट बघू नका. घर सोडा, तहसीलला कळवा.

खालची नदी

धरण भरलं की दरवाजे थोडे थोडे उघडतात. पाणी धावरीतून पुढे पाताळगंगेला मिळतं. आपल्याकडे ऊन पडलेलं असलं तरी डोंगरात पाऊस असू शकतो आणि नदी अचानक चढते. म्हणून पातळी ८७ च्या पुढे गेल्याचं वाचलं की नदीकाठची मोटर वर काढा, गुरं पात्रात सोडू नका, पोरांना पोहायला, खेकड्याला पाठवू नका.

धरणासाठी जमिनी आपल्या भागातल्या गेल्या, पाणी शहराला जातं. पुनर्वसनाची मागणी धरणग्रस्त वर्षानुवर्षे करतायत. तो हिशेब मागत राहूच. पण पावसाळ्यात ८८ चा आकडा दिसला की आधी डोंगराकडे बघा, मग नदीकडे.