उकिरड्यावरचं कॅल्शियम

अंड्याच्या टरफलात सुमारे ९४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. हाडातलं खनिज मात्र हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या जातीचं, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. टरफलापासून हे खनिज बनवायचं तर कॅल्शियम फुकट मिळालं. फॉस्फेट तेवढं बाहेरून घालायचं.

टरफलं धुऊन, आतला पापुद्रा काढून भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. उरलासुरला पापुद्रा जळताना ती आधी काळी पडतात, मग पांढरीशुभ्र होतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि १०० ग्रॅम कार्बोनेटमागे ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून त्यात फॉस्फरिक आम्ल थेंबथेंब सोडतात. खरी कसोटी इथं: कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७ साधायचं, शिवाय सामू घसरू द्यायचा नाही. नाहीतर भलतंच फॉस्फेट हाती येतं.

टरफलातले मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियमचे अंश हाडातही असतात, त्यामुळे ही भेसळ पथ्यावरच पडते. पण पदार्थ ठिसूळ. मांडीच्या हाडाचा भार त्याला पेलणार नाही. दात काढल्यावर जबड्यात राहणारा खड्डा भरायला किंवा धातूच्या इम्प्लांटवर लेप द्यायला हायड्रॉक्सीॲपेटाइट उत्तम.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स लोवेलच्या संशोधकांनी तर टरफलाची बारीक पूडच जिलेटिनच्या हायड्रोजेलमध्ये मिसळून हाडाच्या पेशींसाठी आधार तयार केला. तो प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.