मरुभूमींतील प्रेक्षणीय स्थळें व ग्रंथभांडारें

जोधपूर, जेसलमेर व बिकानेर हीं तीन जुनीं संस्थानें ज्या वालुकामय प्रदेशांत वसलीं होतीं, त्यास संस्कृत ग्रंथकार ‘मरु’ अथवा ‘मरुस्थली’ म्हणतात. हल्लीं या प्रदेशीं जाणारा प्रवासी वाळूच्या टेकड्या, उंटावरील फेरफटका व राजवाडे पाहून परत फिरतो. तें सर्व पाहण्यासारखें आहे, यांत शंका नाहीं. परंतु या त्रैमासिकाचा वाचक ज्यांसाठीं घर सोडतो ते शिलालेख, जीर्ण देवालयें, पोथ्या व दप्तरें यांची समृद्धि या निर्जल भूमींत किती आहे, याची कल्पना आपल्याकडे थोड्यांसच असते. यास्तव कोणतें स्थळ कां पाहावें व तें पाहण्यापूर्वीं काय जाणून असावें, एवढेंच येथें सांगावयाचें योजिलें आहे.

प्रवासाचें पहिलें ठाणें जोधपूर हें करावें. राव जोधानें इ. स. १४५९ मध्यें हें नगर व मेहरानगडचा किल्ला यांचा पाया घातला. किल्ल्यांतील ‘पुस्तक प्रकाश’ हा ग्रंथसंग्रह महाराजा मानसिंहाच्या कारकीर्दींतला (इ. स. १८०३ ते १८४३) आहे, संस्कृत, राजस्थानी व व्रजभाषेंतील पोथ्यांसाठीं तो प्रसिद्ध आहे. नगराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर मंडोर ही राठोडांची पूर्वीची राजधानी आहे. तेथील राजांच्या समाधिमंदिरांपाशीं प्रवाशांची दाटी होते. पण मंडोरचा खरा प्राचीन इतिहास घटियाळा नांवाच्या खेड्यांतील शिलालेखांवरून कळतो. जोधपूरच्या वायव्येस असलेल्या या गांवीं प्रतिहारवंशी कक्कुक याचे विक्रम संवत् ९१८ चे, म्हणजे इ. स. ८६१ च्या सुमाराचे लेख आहेत. त्यानें रोहिंसकूप येथें बाजारपेठ वसविली आणि मंडोर व रोहिंसकूप या दोन ठिकाणीं स्तंभ उभारले, असें त्यांवरून समजतें. यांपैकीं एक लेख जैन महाराष्ट्री प्राकृतांत आहे. महाराष्ट्री हें नांव धारण करणारी भाषा मरुभूमींतील एका मांडलिकानें आपल्या कीर्तीसाठीं निवडावी, ही गोष्ट मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

जोधपूरपासून सुमारें ६५ किलोमीटरांवर ओसियां आहे. येथील हरिहर, सूर्य इत्यादि देवतांचीं मंदिरें इ. स. च्या आठव्या-नवव्या शतकांतील असून उत्तर हिंदुस्थानांतील शिखरशैलीच्या आरंभींची अवस्था त्यांत स्पष्ट दिसते. महावीरमंदिरांतील विक्रम संवत् १०१३ च्या लेखांत प्रतिहार वत्सराजाचें नांव येतें. या देवळांचें पहिलें सविस्तर वर्णन देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं पुराणवस्तुखात्याच्या १९०८-०९ च्या वार्षिक अहवालांत दिलें; तें वाचून गेल्यास एका दिवसांत फार कांहीं पदरांत पडतें. बाडमेरजवळील किराडू, म्हणजे प्राचीन किराटकूप, हें दुसरें असेंच स्थळ. तेथील सोमेश्वराचें देवालय भग्न असूनही भव्य आहे. विक्रम संवत् १२०९ च्या लेखांत चौलुक्य कुमारपालाचा मांडलिक आल्हणदेव यानें ठराविक तिथींस जीवहिंसेस मनाई केल्याची आज्ञा कोरलेली आहे.

यापुढें जेसलमेर. रावळ जैसलानें इ. स. ११५६ मध्यें वसविलेलें हें नगर व त्याचा पिवळ्या दगडाचा दुर्ग यांचें वर्णन सर्वत्र आढळतें, म्हणून तें येथें करीत नाहीं. दुर्गांतील जैन मंदिरांपैकीं संभवनाथाच्या मंदिराखालीं तळघरांत जिनभद्रसूरींचें ज्ञानभांडार आहे. खरतरगच्छाचे हे आचार्य पंधराव्या शतकांत होऊन गेले. ताडपत्राचें युग संपून कागदाचें युग स्थिर होण्याचा तो काळ. त्या संधिकालीं जुन्या ग्रंथांच्या नव्या प्रती करविणें व जुन्या प्रती सुरक्षित ठेवणें, हीं दोन्ही कार्यें त्यांनीं केलीं.

या भांडाराचें महत्त्व एका उदाहरणानें पटेल. इ. स. १८७४ च्या आरंभीं डॉ. ब्यूलर व त्यांच्यासमवेत तरुण हर्मान याकोबी हे जेसलमेरास पोहोंचले. तेथें त्यांस बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरिता’ची ताडपत्री प्रत मिळाली. वेळ थोडा असल्यामुळें त्या दोघांनीं ती स्वहस्तें उतरून घेतली, व दुसऱ्याच वर्षीं ब्यूलर यांनीं तें काव्य मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत छापिलें. आतां योगायोग पाहावा. काव्याचा नायक कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य, म्हणजे दक्षिणेचा राजा; कवि काश्मीरचा; आणि पोथी सांपडली ती मरुभूमींत. ज्या भूमीचा तो राजा, तेथें किंवा ज्या देशाचा तो कवि, तेथें ब्यूलर यांस त्या काळीं पोथी मिळाली नाहीं. दक्षिणेच्या इतिहासाचें एक मुख्य साधन अशा रीतीनें एका तळघरावर अवलंबून होतें. तें एक बासन वाळवीनें खाल्लें असतें, तर आपण काय गमावलें हेंही आपल्यास कळलें नसतें.

ब्यूलर यांच्यामागून श्रीधर रामकृष्ण भांडारकर यांनीं हें भांडार पाहिलें. चिमणलाल दलाल यांनीं केलेली सूचि त्यांच्या पश्चात् १९२३ मध्यें बडोद्याहून प्रसिद्ध झाली. आणि मुनि पुण्यविजयजी यांनीं १९५० पासून तेथें दीर्घकाळ राहून सर्व संग्रहाची व्यवस्था लाविली. त्यांची सूचि १९७२ मध्यें प्रसिद्ध झाली. विक्रम संवत् १११७ ची ‘ओघनिर्युक्ति’ची सचित्र ताडपत्री प्रत व पोथ्यांच्या रंगीत लांकडी पाट्या हीं येथील भूषणें होत.

हे ग्रंथ टिकले कां? कोरडी हवा, दगडी तळघर आणि सैन्यांच्या हमरस्त्यापासूनचें अंतर हीं कारणें आहेतच. परंतु त्याच हवेनें ताडपत्र ठिसूळही होतें. मुख्य कारण मनुष्याचें आहे: ग्रंथदान हें पुण्यकर्म मानणारे श्रावक, घट्ट बांधणी, दुहेरी बासनें व वेळोवेळीं केलेली झाडलोट. दक्षिणेंत ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें अक्षर कोरून त्यांत काजळी भरीत. इकडे मात्र शाईनेंच लिहीत. एकाराची मात्रा अक्षराच्या मागें लिहिण्याची पडिमात्रेची पद्धति व समासांत पत्रांक दाखविणारीं अक्षरें यांचा आधीं अभ्यास करून गेल्यास पोथी वाचतां येईल. एरवीं केवळ दर्शन घडेल.

तिसरें ठाणें बिकानेर. येथील महाराजा अनूपसिंह (इ. स. १६६९ ते १६९८) औरंगजेबाच्या सैन्याबरोबर दक्षिणेंत वर्षानुवर्षें होता व अदवानी येथेंच वारला. या काळांत त्यानें पुष्कळ संस्कृत पोथ्या मिळवून बिकानेरास पाठविल्या. दक्षिणेंतून आणिलेल्या धातूच्या मूर्ति जुनागड किल्ल्यांतील तेतीस कोटी देवतांच्या मंदिरांत आहेत. लालगड राजवाड्यांतील अनूप संस्कृत ग्रंथालय तें हेंच. त्यांत कवींद्राचार्य सरस्वतींच्या नांवाची खूण असलेल्या पोथ्याही आहेत. हे मूळचे गोदातीरींचे संन्यासी. काशीस राहून त्यांनीं मोठा संग्रह केला व शाहजहानाकडून यात्रेकरूंवरील कर माफ करविला. महाराष्ट्रांतील एखाद्या ग्रंथाची प्रत येथें मिळत नसेल, तर ती बिकानेरच्या सूचींत पाहण्यास विसरूं नये.

त्याच नगरांत राजस्थान राज्याचें अभिलेखागार आहे. जयपूर व जोधपूर दरबारांचीं वकीलपत्रें, अर्जदास्ती व बह्या तेथें आहेत. शिवछत्रपति १६६६ मध्यें आग्र्यास असतां तेथील वृत्त कळविणारीं जयपूरच्या सेवकांचीं राजस्थानी पत्रें यदुनाथ सरकार व रघुबीरसिंह यांनीं १९६३ मध्यें प्रसिद्ध केलीं. त्यांचें मोल इतिहासज्ञांस सांगावयास नको. बिकानेर व जोधपूर यांच्या मार्गावर नागोर लागतें. जयाप्पा शिंदे यांनीं त्यास वेढा घातला असतां १७५५ च्या जुलैंत ताऊसर येथें त्यांचा दगलबाजीनें खून झाला. या प्रसंगाचीं मराठी पत्रें आपल्याकडे छापलेलीं आहेत. राठोडांच्या बाजूचे कागद त्यांशीं ताडून पाहिल्याविना त्याचा इतिहास पुरा होणार नाहीं.

शेवटीं कालगणनेविषयीं दोन शब्द. मरुभूमींतील पोथ्यांवर बहुधा विक्रम संवत् असतो. त्यांतून १३५ वजा केल्यास शक मिळतो. इ. स. काढतांना ५७ वजा करावे, पण पौष-माघांतील तिथि पुढील इंग्रजी वर्षांत जाते. वर्षारंभ कोठें चैत्रीं, कोठें कार्तिकीं, तर जोधपूर दरबारीं श्रावणीं धरीत. शिवाय तिकडे महिने पौर्णिमान्त. त्यामुळें तेथील मार्गशीर्ष वद्य म्हणजे आपला कार्तिक वद्य. हें न जाणतां मिति उतरल्यास एक महिन्याची, प्रसंगीं एक वर्षाची चूक पडते.

जाण्यास मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. भांडारें धर्मसंस्थांच्या व विश्वस्तांच्या ताब्यांत असल्यानें आगाऊ पत्र लिहून, हव्या त्या ग्रंथाचा सूचींतील क्रमांक कळवून परवानगी घ्यावी. सूचि न पाहतां जाणारास कुलपें दिसतात. पाहून जाणारास पोथ्या दिसतात.