मोठ्या मत्स्यालयाची तळटाकी : रचना व गणित

लहान काचपात्रास जी गाळणी पुरते ती मोठ्या मत्स्यालयास पुरत नाही, हा मासे पाळणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. अशा वेळी मत्स्यालयाच्या घडवंचीखाली दुसरी टाकी ठेवावी, वरचे पाणी तीत उतरवून शुद्ध करावे आणि पंपाने पुन्हा वर चढवावे, ही योजना सोयीची ठरते. हौशी मंडळी या टाकीस ‘सम्प’ म्हणतात. आपण तिला तळटाकी म्हणू. ही कल्पना नवी नव्हे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड याने प्रदर्शनाच्या टाक्यांखाली अंधारा, विस्तीर्ण जलाशय बांधून पाणी अखंड खेळते ठेवले होते. घरगुती तळटाकी हे त्याच तत्त्वाचे छोटे रूप होय. ती घरी बनविणे फारसे कठीण नाही. परंतु बनविणारा गाळण्याच्या साहित्याचा विचार पुष्कळ करतो आणि वीज गेल्यावर काय होईल याचा विचार क्वचितच करतो. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

तळटाकीचे मुख्य काम कचरा अडविणे हे नव्हे. माशांच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. पाण्याचा पी.एच. ७ असता त्यातील विषारी, मुक्त अंश शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो, तोच पी.एच. ८ असता शेकडा पाचांवर जातो. या अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व मग नायट्रेटात रूपांतर सूक्ष्मजंतू करतात. दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर पार पाडतात असे पूर्वी मानीत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम नायट्रोस्पायरा गटाचे जंतू करीत असल्याचे दिसले. याच गटातील काही जंतू दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडतात, हे २०१५ साली उघडकीस आले. स्पंज अथवा सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे ही या जंतूंची वसतिस्थाने होत. ती वसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे ठेवावेत.

या जंतूंस ऑक्सिजन मोठ्या प्रमाणात लागतो. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनाचे नायट्रेट होण्यास सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो. २८ अंश सेल्सिअस तपमानाच्या १ लिटर पाण्यात ८ मिलिग्रॅमहूनही कमी ऑक्सिजन मावतो. म्हणजे या एका ग्रॅमास जवळजवळ ६०० लिटर पाण्यातील सर्व ऑक्सिजन लागेल. पाणी वाहते का असले पाहिजे, हे यावरून ध्यानी येईल.

आता एक उदाहरण घेऊ. मत्स्यालय १८० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद व ६० सें.मी. उंच आहे, त्याची धारणशक्ती ६४८ लिटर. त्याखालील तळटाकी १२० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच आहे. काचेच्या आडपडद्यांनी तिचे तीन कप्पे करावेत. पहिल्यात वरच्या सांडव्याचे पाणी पडते व स्पंजात कचरा अडतो. दुसऱ्यात जंतूंचे साहित्य राहते. तिसऱ्यात पंप बसतो. पंपापूर्वीचे दोन पडदे, एकावरून व दुसऱ्याखालून पाणी जाईल असे लावल्यास हवेचे बुडबुडे गळून पडतात. सांधे बुरशीनाशक न मिसळलेल्या सिलिकोनने भरावेत. पाणी ताशी चार-पाच वेळा फिरावे. मात्र पंपावर छापलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो, दीड मीटर चढावर तो बराच घटतो.

तळटाकीत पाणी २५ सें.मी. उंचीपर्यंत ठेवले, तर वर २० सें.मी. जागा रिकामी उरते. ती १०८ लिटरांची होय. वीज जाताच पंप थांबतो, परंतु परतनळी सायफन बनून तिचे तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी खाली ओढीत राहते. मत्स्यालयाचा पृष्ठभाग १०,८०० चौरस सें.मी. असल्याने पातळी १ सें.मी. उतरली की १०.८ लिटर पाणी खाली येते. नळीचे तोंड पृष्ठभागाखाली ३ सें.मी. असेल तर ३२.४ लिटर येतील आणि तळटाकी ते सहज सामावून घेईल. तेच तोंड १० सें.मी. खाली असेल तर १०८ लिटर येतील. त्यांत नळ्या व सांडव्याच्या कोठ्यातील आणखी १० लिटर मिळविले, की तेवढे १० लिटर जमिनीवर सांडतील. एकमार्गी झडपेवर विसंबू नये. एखादा वाळूचा कण अडकला तरी ती उघडी राहते. सायफन तोडणारे छिद्रही शेवाळाने बुजते. नळीच्या तोंडाची उंची मात्र दगा देत नाही.

उलट प्रसंगही संभवतो. सांडव्यात पान अथवा गोगलगाय अडकली, तर पंप आपल्या कप्प्यातील पाणी वर चढवीतच राहील. पंपाचा कप्पा २५ सें.मी. लांबीचा धरल्यास त्यात सुमारे २८ लिटर पाणी असते. ते सर्व वर गेल्यास मत्स्यालयाची पातळी २.६ सें.मी. चढेल. म्हणून काठ व पाणी यांत निदान ४ सें.मी. अंतर राखावे आणि किंचित उंचावर दुसरी, राखीव सांडनळी ठेवावी. बाष्पीभवनाने घटलेले पाणीही याच कप्प्यात दिसते. १ लिटर उडाले की तेथील पातळी सुमारे ०.९ सें.मी. उतरते. उन्हाळ्यात ती रोज न पाहिल्यास पंप कोरडा पडून जळतो.

वीज कित्येक तास आली नाही, तर धोका निराळा असतो. साचलेल्या पाण्यातील जंतू तेथील ऑक्सिजन लवकरच संपवितात व पुढे मरू लागतात. पंप सुरू होताच ते दूषित पाणी माशांवर येते. अशा वेळी तळटाकीतील पाणी काढून टाकावे, साहित्य मत्स्यालयाच्याच पाण्यात हलके खळबळावे, आणि मगच पंप चालू करावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतूंस मारक असल्याने ते पाणी यासाठी वापरू नये. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप जवळ असल्यास त्याची नळी मत्स्यालयात व तळटाकीत दोन्हीकडे सोडावी.

तळटाकी बांधून झाल्यावर मासे सोडण्यापूर्वी दोन परीक्षा अवश्य कराव्यात. पाणी खेळते असता पंपाचे बटण एकदा बंद करून खालची पातळी कोठे स्थिरावते ते पाहावे; नंतर पंप पुन्हा चालू करून सांडवा हाताने बुजवावा व वरची पातळी कोठवर चढते ते पाहावे. दोन्ही वेळा जमीन कोरडी राहिली, तरच ती तळटाकी रात्रीच्या वेळी घरात चालू ठेवून निश्चिंतपणे झोपण्याजोगी झाली, असे समजावे.