कातडी धरली का? भाजलेली जखम भरताना घरच्यांचे काम

शिरवण्यासारख्या दाट वस्तीत एका खोलीत स्वयंपाक, अंघोळीचे तापते पाणी आणि रांगणारे मूल असे सगळे एकत्र असते. चहाचे पातेले कलंडते, गॅसची नळी गळते, पदर पेटतो. भाजल्यावर जीव वाचला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण खरी परीक्षा पुढे असते. जखम किती दिवसांत भरली, हात सरळ होतो का, मान वळते का, यावर त्या माणसाचे कामधंद्याचे आयुष्य ठरते.

पहिली वीस मिनिटे

भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. बर्फ लावू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नका. त्याने जखमेत जंतू शिरतात आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, कारण नंतर सूज येते. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेल्या कापडात झाकून दवाखाना गाठा. जखम मोठी असेल किंवा चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

दुखत नाही म्हणजे बरे नव्हे

वरवर भाजलेली जखम ओली, गुलाबी असते आणि फार झोंबते. अशा जखमेत केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतात. तिथूनच नवी कातडी उगवते आणि साधारण दोन आठवड्यांत जखम भरते. खोल भाजलेली जागा पांढरट, चामड्यासारखी किंवा काळी पडते आणि तिथे वेदना कमी असते, कारण संवेदना नेणारे तंतूच जळालेले असतात. “दुखत नाही, बरे होईल” असे म्हणून घरी बसणारे नेमके इथे फसतात. मुळेच उरली नाहीत, तर कातडी उगवणार कुठून? तीन आठवड्यांत न भरणारी जखम पुढे जाड वण धरते आणि सांधा आखडून टाकते. म्हणून अशा जखमेवर वेळेत त्वचारोपण करावे लागते.

कातडी धरते कशी?

बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून जखमेवर बसवतात. पहिले दोन दिवस तो पापुद्रा खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो. मग जखमेतल्या बारीक रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. या दिवसांत त्याचे तीन शत्रू असतात: खाली साचलेले रक्त किंवा पाणी, हालचाल आणि जंतू. म्हणूनच कातडीला कधी जाळीसारखी भोके पाडतात, म्हणजे खालचे पाणी निघून जाते आणि कमी कातडीत जास्त जखम झाकता येते. म्हणूनच हातापायाला पट्टी बांधून तो स्थिर ठेवतात. “जरा सैल करतो” म्हणून घरच्यांनी ती पट्टी सोडू नये.

साधारण पाचव्या दिवशी डॉक्टर ड्रेसिंग उघडतात. कातडी गुलाबी आहे का, चिकटली आहे का, एकूण जागेपैकी किती भागावर धरली, हे पाहतात. थोडा भाग गेला तर तो आपोआप भरू शकतो. जास्त गेला तर पुन्हा रोपण करावे लागते. “किती कातडी धरली?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

बटाट्याची साल आणि केळीचे पान

जिथून कातडी काढली, ती मांडीची जागा रुग्णाला अनेकदा मूळ जखमेहून जास्त दुखते. कापसाची जाळी तिथे वाळून चिकटते. काढताना जीव जातो आणि नवी कातडीही सोलली जाते. महागडी परदेशी ड्रेसिंग सगळ्यांना परवडत नाहीत. या अडचणीवर आपल्या मुंबईतच काम झाले. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली आणि 1985 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीचे पान आजमावले.

त्यांची तपासणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एकाच रुग्णाच्या अंगावर एका भागाला एक पट्टी, दुसऱ्या भागाला दुसरी. वय, आहार, आजार सगळे सारखेच, त्यामुळे फरक पडला तर तो पट्टीचाच. मग वेदना किती, पट्टी किती सहज निघते, जखम कशी भरते, हे पाहिले. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आले. कातडी काढलेल्या जागेवर व्हॅसलिनच्या जाळीपेक्षा केळीच्या पानाने दुखणे कमी झाले. भाजलेल्या जखमेवर ते बटाट्याच्या सालीइतकेच चांगले ठरले, शिवाय बनवायला सोपे आणि कितीतरी स्वस्त. गुळगुळीत पान जखमेला चिकटत नाही, हे त्याचे मर्म.

एक इशारा मात्र आहे. ती पाने रुग्णालयात वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केलेली असतात. बाजारातले पान घरी जखमेवर बांधणे धोक्याचे आहे.

घरी आल्यावर

- जखम भरायला शरीराला प्रथिने लागतात. अंडी, डाळ, शेंगदाणे, मासे, दूध यांपैकी जे जमेल ते रोज द्या. अनेक घरांत बाई सर्वांच्या शेवटी जेवते. रुग्ण बाई असेल तर तिचे ताट आधी वाढा.
- मिश्री, तंबाखू, बिडी बंद. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी धरत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी.
- जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हापासून खोबरेल तेलाने मालिश करा. कडक उन्हापासून जपा. दाबाचे घट्ट कपडे दिले असतील तर ते दिवसरात्र, अनेक महिने वापरावे लागतात.
- मान भाजली असेल तर उशी नको. सांगितलेला व्यायाम दुखला तरी रोज करा.
- दर रविवारी एकाच अंतरावरून फोटो काढा. कोपर किती सरळ होते, मूठ वळते का, ते वहीत लिहा. सुधारणा थांबली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.
- ताप, दुर्गंधी, पू, पसरणारी लाली किंवा कातडी काळी पडणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.
- मुलांचे अंग वाढते, वण वाढत नाही. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत त्यांची तपासणी चालू ठेवा.

खर्चाची धास्ती घेऊन उपचार सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

स्वतःची कातडी पुरली नाही तर?

अर्धेअधिक शरीर भाजले असेल, तर रोपणाला कातडी आणायची कुठून? तेव्हा मृत्यूनंतर दान केलेली त्वचा उपयोगी पडते. ती कायमची राहत नाही. काही आठवड्यांत शरीर ती नाकारते. पण तोवर ती जखम झाकते, पाणी आणि जंतू रोखते आणि वेळ मिळवून देते. शीवच्या रुग्णालयात 2000 पासून त्वचा पेढी आहे. आपल्याजवळ ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. जुईनगरहून ठाणे लोकलने थेट जाता येते. ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवलेली त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते.

दान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. अठरा वर्षांवरील व्यक्तीची त्वचा चालते, रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग असल्यास ती घेत नाहीत. पेढीचे पथक घरी येते. पाठ, मांड्या आणि पाय यांवरून फक्त पातळ थर काढतात आणि पट्टी बांधतात. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत. तासाभराच्या आत काम होते आणि अंत्यविधी नेहमीप्रमाणे करता येतो.

दुःखाच्या त्या सहा तासांत कोणाला काही सुचत नाही. म्हणून हा विषय आधीच, जिवंतपणी, घरात काढायला हवा. पौर्णिमेला विहारात सगळे जमतात, तिथेही काढता येईल. आपली इच्छा मुलांना स्पष्ट सांगून ठेवा आणि पेढीचा फोन नंबर दाराजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.