पाहुण्या पक्ष्यांतील विषाणूंची टेहळणी

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेपासून फार दूर नसलेल्या सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात मार्च 2025 मध्ये कावळे व अन्य पक्षी मृत आढळले आणि भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. कावळा स्थानिक असल्याने केवळ या मृत्यूंवरून हिवाळी पाहुण्यांना दोषी ठरवणे घाईचे होईल; तरीही हिप्परगा तलाव आणि उजनी जलाशयावर येणाऱ्या पट्टकादंब हंसांकडे लक्ष ठेवण्यास सबळ कारण आहे, कारण 2005 मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर आणि 2021च्या आरंभी हिमाचलातील पोंग जलाशयावर बर्ड फ्लूच्या ‘एच5एन1’ या उपप्रकाराने याच जातीचे मोठ्या संख्येने बळी घेतले. (‘एच’ व ‘एन’ ही विषाणूच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिने असून त्यांच्या प्रकारांवरून उपप्रकार ओळखला जातो.)

टेहळणीत मृत पक्षी, ताजी विष्ठा, तसेच जिवंत पक्ष्याच्या घशातून व अवस्करातून, म्हणजे विष्ठा आणि अंडी बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गातून, काडीवर घेतलेला स्राव तपासला जातो. नमुने थंड ठेवूनच प्रयोगशाळेत न्यावे लागतात, कारण उष्णतेने विषाणूचा जनुकीय अंश विघटित होतो. पाणबदकांत लक्षणांविनाही विषाणू आढळत असल्याने केवळ मृत पक्षी मोजणे अपुरे पडते. शिवाय टेहळणी रानपक्ष्यांपुरती ठेवूनही भागत नाही: महाराष्ट्राने बर्ड फ्लूची साथ प्रथम पाहिली ती फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत, रानपक्ष्यांत नव्हे.