चौदाव्या वर्षी नाच थांबू नये

नांदेड आणि लातूर ही दोन शहरं महाराष्ट्राला माहीत आहेत ती अभ्यासामुळे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून पुढे आलेला ‘लातूर पॅटर्न’, नांदेडमधले नीट-जेईईचे क्लास आणि त्यांच्याभोवती उभी राहिलेली वसतिगृहं, खानावळी, अभ्यासिका हे सगळं आता सर्वांच्या परिचयाचं आहे. पण याच रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत आणखी एक पाटी दिसू लागली आहे, ती डान्स अकॅडमीची. संध्याकाळी शाळा सुटली की आई स्कूटीवरून मुलाला तिथे घेऊन येते आणि क्लास संपेपर्यंत जिन्यात किंवा दाराशी थांबते. मधूनच मोबाइलवर मुलाचा नाच टिपते. घरी गेल्यावर तो व्हिडिओ मावशीला, मामाला जातो, इन्स्टाग्रामवर जातो आणि कधी एखाद्या वाहिनीच्या ऑडिशनसाठीही जातो.

या आईबद्दल दोन मतं पटकन दिली जातात. ‘मुलासाठी किती झटते,’ हे एक आणि ‘स्वतःची हौस मुलावर लादते,’ हे दुसरं. दोन्हींत थोडंफार तथ्य असेलही, पण दोन्ही मतं अपुरी आहेत. मुलांच्या नाचाची टीव्ही स्पर्धा हा काय प्रकार आहे, तिथे मुलाला काय मिळतं, काय गमवावं लागतं, कायदा काय सांगतो आणि स्पर्धा संपल्यावर पुढे काय, हे त्या आईला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. हा लेख तिच्यासाठी आहे.

फेरापासून मंचापर्यंत

मराठवाड्यातल्या बायका नाचत नव्हत्या असं मुळीच नाही. पंचमीला फेर धरले जात, फुगड्या रंगत. तांड्यावर बंजारा बायकांचे नाच होत आणि आजही होतात. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या दिवसांत आदिवासी पाड्यांवर दंडार रंगते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत लावणीचे कार्यक्रम होतात आणि त्यांना तुडुंब गर्दी असते. म्हणजे नाच होता, पण त्याला कडक सीमा होत्या. फेर बायकांपुरता असे. लावणी पाहायला पुरुष जात आणि ती सादर करणाऱ्या स्त्रीला मान देताना समाज हात आखडता घेई. चांगल्या घरच्या मुलीनं स्टेजवर नाचायचं ते शाळेच्या गॅदरिंगला, तेही सातवी-आठवीपर्यंतच.

आज क्लासच्या दाराशी उभ्या असलेल्या कितीतरी आया याच रिवाजात वाढल्या. ‘आमच्या वेळी घरात बोलायचीसुद्धा सोय नव्हती,’ हे वाक्य या बायकांच्या बोलण्यात हमखास येतं. त्यांच्या महत्त्वाकांक्षेचं मूळ इथे आहे. स्वतःला न मिळालेला मंच लेकीला मिळावा असं वाटण्यात काहीही चूक नाही. ज्या समाजानं आईला नाचू दिलं नाही, त्याच समाजानं ती मुलीला नाचवते म्हणून तिला नावं ठेवावीत, हा अन्याय आहे.

हा मंच घराघरांत आणला टीव्हीनं. १९९६ मध्ये सोनीवर ‘बूगी वूगी’ सुरू झालं. जावेद जाफरी, नावेद जाफरी आणि रवी बहल यांच्या त्या कार्यक्रमात मुलांच्या आणि आयांच्याही स्वतंत्र स्पर्धा होत. २००९ मध्ये झी टीव्हीवर ‘डान्स इंडिया डान्स’ आलं आणि पुढच्याच वर्षी त्याची मुलांसाठीची आवृत्ती ‘लिटल मास्टर्स’. २०१३ मध्ये ‘सुपर मॉम्स’ आलं आणि आयाच स्पर्धक झाल्या. २०१६ मध्ये सोनीवर ‘सुपर डान्सर’ सुरू झालं आणि पहिल्या पर्वाची विजेती ठरली मुंबईची दित्या भांडे. मराठीत सचिन पिळगावकरांच्या ‘एका पेक्षा एक’नं नाचाची स्पर्धा लोकप्रिय केली. २०२२ मध्ये झी मराठीवर ‘डान्स महाराष्ट्र डान्स’चं लिटल मास्टर्स पर्व झालं. त्यात सोनाली कुलकर्णी आणि गश्मीर महाजनी परीक्षक होते.

लातूरला मात्र टीव्हीच्या स्पर्धेचं वेड लावलं ते गाण्यानं. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’मध्ये लातूरचा रोहित राऊत अखेरच्या पाच जणांत पोचला. फेब्रुवारी २००९ मधल्या महाअंतिम फेरीत कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, पण रोहित, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन ही नावंही मराठी घरांत कायमची बसली. आपल्या गावचा मुलगा मुंबईच्या मंचावर उभा राहू शकतो, हे मराठवाड्यातल्या आईबापांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

रोहितच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तो ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वात उपविजेता झाला २०२० मध्ये. लहानपणीचं यश आणि हे यश यांच्यामध्ये अकरा वर्षांचा काळ आहे, आणि त्या काळात गाणं चालू राहिलं होतं. एका पर्वाची प्रसिद्धी पुढचं पर्व सुरू झालं की ओसरते. पुढची वर्षं तगून राहतो तो रियाज.

पडद्यावर दिसतं ते आणि दिसत नाही ते

अमेरिकेत २०११ मध्ये ‘डान्स मॉम्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पिट्सबर्गमधल्या ॲबी ली मिलर यांच्या नृत्यवर्गातल्या मुली आणि त्यांच्या आया हा त्याचा विषय. मुली नाचायच्या, पण कार्यक्रम चालायचा तो आयांच्या भांडणांवर, बाईंच्या ओरडण्यावर आणि मुलींच्या रडण्यावर. दर आठवड्याला मुलींची क्रमवारी लावून त्यांची छायाचित्रं भिंतीवर एकाखाली एक लावली जात. मॅडी झीग्लरसारखी नर्तकी त्यातून जगभर पोचली, हेही खरं. पण मुलाचे अश्रू हा प्रेक्षक खेचण्याचा माल आहे, हे त्या कार्यक्रमानं उघड करून दाखवलं.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत इतकी भांडणं दाखवत नाहीत. इथे भर असतो करुणेवर. वडील रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते, घर पत्र्याचं आहे, हे आधी चित्रफितीत येतं आणि मग नाच. कॅमेरा नाचणाऱ्या मुलावरून वळतो तो थेट आईच्या डोळ्यांवर. गरिबी लपवायची गोष्ट नाही, पण ती विकायचीही गोष्ट नाही. घरची कोणती गोष्ट देशासमोर मांडायची, हे ठरवण्याचा अधिकार कुटुंबाचा आहे. त्यात मुलाचं मतही धरलं पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गमित्रांना तोंड द्यायचं असतं ते त्यालाच.

या कार्यक्रमांवर वेळोवेळी गंभीर आक्षेप आले आहेत. २००८ मध्ये कोलकात्यातली एक सोळा वर्षांची मुलगी एका बंगाली वाहिनीच्या नृत्यस्पर्धेत परीक्षकांच्या कठोर शब्दांनंतर खचली आणि तिची वाचाच गेली, असं तिच्या कुटुंबानं सांगितलं. तिला उपचारांसाठी बंगळूरला न्यावं लागलं आणि देशभर चर्चा झाली. २०१७ मध्ये दिग्दर्शक शूजित सरकार यांनी मुलांचे रिॲलिटी शो बंदच करावेत, अशी जाहीर मागणी केली. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना सूचना पाठवली. सिनेमात मोठ्यांनी केलेले सूचक हावभाव लहान मुलांकडून करून घेतले जातात, ते टाळा, असा तिचा आशय होता. २०२३ मध्ये ‘सुपर डान्सर’च्या एका जुन्या भागात मुलाला त्याच्या आईवडिलांबद्दल अनुचित प्रश्न विचारले गेले, म्हणून राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं वाहिनीला नोटीस दिली.

गाणं कोणतं, हावभाव कोणते, कपडे कोणते हे सगळं ठरतं नृत्यदिग्दर्शकाच्या खोलीत. तिथे ‘हे माझ्या मुलीला नको’ असं म्हणता येतं. हे म्हणणारी आई हट्टी किंवा मागासलेली ठरत नाही.

कायदा आईच्या बाजूनं आहे

१९२१ मध्ये चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधून जॅकी कूगन हा मुलगा जगप्रसिद्ध झाला. लहानपणी त्यानं लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी जवळजवळ सगळं खर्च करून टाकलं आहे. त्यानं १९३८ मध्ये दावा लावला, पण हाती फारच थोडी रक्कम आली. त्या प्रकरणातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचं रक्षण करणारा कायदा झाला.

भारतात १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली, पण शिक्षणात अडथळा न येता बालकलाकार म्हणून काम करण्याला अपवाद ठेवला गेला. त्याचे नियम २०१७ मध्ये आले. ऑडिशनला निघण्याआधी प्रत्येक आईनं ते लक्षात ठेवावेत.

दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिथे चित्रीकरण होणार, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यायची असते. शाळेचा अभ्यास तुटू नये याची व्यवस्था निर्मात्याची जबाबदारी आहे आणि सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम करून घेता येत नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून ठेवायचा आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळायचा. सगळ्यांत मोलाचा नियम असा की मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करता येत नाही.

करारावर सही करताना परवानगीची प्रत मागा, ठेवीची पावती मागा, चित्रीकरणाच्या वेळा लेखी घ्या. लांबून, रात्रभर रेल्वेनं प्रवास करून आलेलं कुटुंब बुजतं आणि मिळेल त्यावर सही करतं. बुजायचं कारण नाही. हे नियम कुणाची मेहेरबानी म्हणून आलेले नाहीत. आणि ऑडिशनसाठी नोंदणी फी, ‘थेट निवड’ करून देण्याचे पैसे, असं कुणी मागितलं तर तिथून परत फिरा. मोठ्या वाहिन्या ऑडिशनसाठी पैसे घेत नाहीत, हे त्या स्वतःच जाहीर करतात.

हाडं, झोप आणि शाळा

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ वाढपट्ट्या असतात आणि उंची तिथून वाढते. टणक फरशीवर रोज उलट्या उड्या, गुडघ्यावर पडणं, कमरेतून मागे वाकणं चालू राहिलं, तर या भागांना आणि कमरेच्या मणक्यांना इजा होऊ शकते. म्हणून क्लास निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजण्याआधी खाली मॅट आहे का ते पाहावं. नाचाआधी शरीर तापवून घेतात का, दुखतंय म्हटल्यावर मुलाला बसवतात का, हेही पाहावं. दुखणं सहन करणं म्हणजे जिद्द, असं शिकवणारा क्लास सोडावा.

याच शहरांचं आणखी एक वास्तव आहे. टीव्हीवरच्या मुलांच्या नृत्यस्पर्धांची वयोमर्यादा साधारण तेरा-चौदाला संपते. नांदेड-लातुरात नेमकी त्याच वयात, आठवी-नववीत, नीट-जेईईची फाउंडेशन बॅच सुरू होते. वाहिनीला मूल नको असतं आणि घराला नाच नको असतो. सात-आठ वर्षं घाम गाळलेलं शरीर एका जूनमध्ये खुर्चीत बसवलं जातं. ऑडिशनच्या दिवशी जी आई सर्वांत पुढे असते, तीच बहुतेकदा घुंगरू माळ्यावर टाकते. मला यातलं खरं नुकसान इथे दिसतं. नाच हे केवळ टीव्हीचं तिकीट समजलं, तर तिकिटाची मुदत संपल्यावर त्याची किंमत उरत नाही.

याला पर्याय आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक आणि भरतनाट्यमच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढेही जातात. त्यात हरणं नसतं, फक्त पुढची पायरी असते. शास्त्रीय आणि लोककलेतल्या प्रावीण्यासाठी दहावीला वाढीव गुण देण्याचा राज्य शासनाचा निर्णय २०१७ पासून आहे. म्हणजे गुणांची चिंता करणाऱ्या घरालाही नाच सोडायचं कारण उरत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या महाविद्यालयांचे संघ उतरतात आणि तिथे लोकनृत्याला मानाचं स्थान असतं. बारावीनंतर नाच पुन्हा हाती घ्यायला हा मंच दारातच आहे.

आपण सर्वांनीही काही करायला हवं. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह किंवा लातूरचं दयानंद सभागृह इथे मुलांच्या नाचाचे असे कार्यक्रम व्हावेत, ज्यांत क्रमांक नसतील, बाद होणं नसेल आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुलीही असतील. गणेश मंडळांनी आणि शाळांनी स्पर्धेइतकंच अशा सादरीकरणांना पैसे द्यावेत. प्रेक्षक म्हणून आपण रडणाऱ्या मुलाची चित्रफीत पुढे पाठवणं थांबवावं.

आणि आयांना एकच विनंती. मुलाला टीव्हीवर न्यायचं असेल तर जरूर न्या, पण नियम वाचून न्या. परत आल्यावर, निकाल काहीही लागला तरी, पुढच्या सोमवारी त्याला क्लासला सोडा. दर काही महिन्यांनी त्याला विचारा, ‘तुला अजून नाचायचंय का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर ते मान्य करा. उत्तर ‘हो’ आलं, तर नववीतही, दहावीतही आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्याच्या नाचासाठी राखून ठेवा.