दिवाळीच्या आत वाचायचंय!

खरं सांगा, जव्हार-मोखाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पावसाळी विकएण्ड, दाभोसाचा धबधबा, जयविलास पॅलेससमोर ग्रुप फोटो आणि येताना एखादं वारली पेंटिंग. बस्स. माझंही तेवढंच होतं. गेल्या सप्टेंबरात मात्र एका फीचरसाठी कसारा लोकल पकडली, पुढे खोडाळ्याची शेअर जीप. दोन्ही बाजूंच्या उतारांवर नागली मस्त हिरवीगार. मला मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची शाळा गाठायची होती.

आदल्या रात्री घरी वेगळंच टेन्शन होतं. माझी लेक चार वर्षांची. तिच्या ज्युनिअर केजीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'तुमची वाचते का?' अशी छुपी शर्यत चाललेली असते. आमच्याकडे फोनिक्सचं अ‍ॅप आहे, फ्लॅशकार्डं आहेत, रविवारचा क्लास आहे. आणि लेक? पुस्तक उलटं धरून मनानेच गोष्ट ठोकून देते! 'हिचं काही खरं नाही,' असं म्हणत मी बॅग भरली होती.

चार अक्षरांचा फंडा

दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरी एकाच वर्गात. उंबऱ्याबाहेर एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसलेली. वय २८, म्हणजे माझ्याच वयाची. तिची मुलगी दुसरीत. मुलीला सोडायला आली की ती घटकाभर तिथेच बसते, असं गुरुजींनी सांगितलं. तिला स्वतःला वाचता येत नाही.

फळ्यावर फक्त चार अक्षरं होती. त, र, प, म. शेजारी काना आणि दुसरी वेलांटी.

'आणि बाकीची मुळाक्षरं?' मी विचारलं.

गुरुजी हसले. 'ती कुठे पळून जातात? आधी एवढ्यातच काय काय होतं ते बघा, ताई.'

हिशेब सोपा आहे. चार अक्षरं, प्रत्येकाची तीन रूपं: साधं, कान्याचं, वेलांटीचं. झाली बारा. त्यातून रात, तार, माती, परात असे शब्द त्याच आठवड्यात तयार. आपण कसे शिकलो आठवतंय? आधी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळं पाठ, मग अख्खी बाराखडी. म्हणजे चारशेहून जास्त आकार घोकायचे आणि त्यानंतर कुठे शब्द वाचायचा. तोवर हे सगळं कशासाठी चाललंय, हेच पोराला कळत नाही.

इथे तर आणखी एक लोचा आहे. या भागातल्या घरांत वारली, क-ठाकुरी, कोकणा अशा बोली चालतात. पुस्तकातली मराठी ही या मुलांसाठी जवळपास दुसरी भाषा. भिंतीवरच्या एका तक्त्यावर कणसाचं चित्र आणि खाली छापलंय 'नाचणी'. पाड्यावर नाचणी म्हणणारं कुणीच नाही. मुलं चित्र बघून ठणठणीत आवाजात 'नागली' म्हणतात. ती चुकली का? गुरुजींनी तक्त्याखाली खडूने 'नागली' लिहून टाकलं होतं. मुलांचे शब्द आधी, पुस्तकातले मागाहून.

मग त्या मुलीची पाळी आली. फळ्यावरच्या नव्या शब्दावर बोट ठेवून ती म्हणाली, 'ता... र... पा.' थांबली. पुन्हा एकदा पुटपुटली. आणि एकदम, 'तारपा!'

तारपा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य. तिचे आजोबा वाजवतात. शब्द वाचल्यावर तिने गुरुजींकडे बघितलंच नाही. तिने बघितलं दाराकडे. आणि दारात बसलेल्या तिच्या आईने चक्क टाळी वाजवली, तान्हं दचकून रडायला लागलं!

डेडलाइन

आपल्या डेडलाइन बॉस ठरवतो. इथली दिवाळी ठरवते. भाताची कापणी उरकली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड उचलतात. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्या नाहीतर बांधकामं, ते थेट पावसाळ्याच्या तोंडावर परत. ही बाई लहानपणी अशीच आई-बापाबरोबर भट्टीवर गेली. दुसरीतली तिची शाळा तिथेच सुटली.

'मुकादम बयाणा देतो, वहीत लिहितो,' ती म्हणाली. 'काय लिहिलं ते मला दिसतं, पण कळत नाही. अंगठा देते.' मग गुरुजींकडे वळून तिने विचारलं, 'दिवाळीपर्यंत किती होईल हिचं?'

मुलीला आजीकडे ठेवलं तर भट्टीवर तान्हं कोण सांभाळणार? आणि नेलं तर शाळेचं काय? या प्रश्नाला गुरुजींकडेही उत्तर नव्हतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना सरकार शिक्षण हमी कार्ड देतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. पण भट्टीपासून शाळा लांब असेल, तर सहा-सात वर्षांचं पोर एकटं जाणार कसं?

हे कोडं आजचं नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच पट्ट्यात, बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबाडला. मुलं गुरं राखतात, भावंडं सांभाळतात, शाळेत येत नाहीत, हे बघून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द तिथले. पुढे नव्वदच्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच्या झोपड्यांशेजारी भोंगाशाळा काढल्या. २००७ पासून निलेश निमकरांची 'क्वेस्ट' ही संस्था वाड्याजवळच्या सोनाळ्यातून, मुलं वाचायला नेमकी कशी शिकतात यावर काम करतेय.

आणि हा प्रश्न फक्त आदिवासी पाड्यांचा आहे, असं समजू नका. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं होती फक्त २७.१ टक्के.

अडाणी कोण?

जेवणाच्या सुट्टीत मुलीने आईला वही वाचून दाखवली. एका ठिकाणी ती वाचून गेली, 'आईने परत भाकरी थापली.' गुरुजींनी लिहिलं होतं, 'आईने परातीत भाकरी थापली.' आई लगेच म्हणाली, 'परत कशाला? आधी तर थापली नव्हती. नीट बघ.' मुलीने बघितलं. सुटलेला काना सापडला!

अक्षर न ओळखणाऱ्या आईने चूक पकडली, कारण ती अर्थ ऐकत होती. मी माझ्या लेकीचं वाचन कधी असं ऐकलं होतं? अ‍ॅपवरचे स्टार मोजत होते मी. उलटं पुस्तक धरून ती गोष्ट सांगते, म्हणजे पानांत गोष्ट असते हे तिला कळलंय. वाचनाची सुरुवात तिथूनच तर होते. त्या रात्री घरी आल्यावर मी फोन बाजूला ठेवला आणि उलट्या पुस्तकातली ती गोष्ट पूर्ण ऐकली.

दिवाळीनंतर गुरुजींना फोन केला. तान्हं आई-बापाबरोबर भट्टीवर गेलंय. मुलगी आजीकडे राहिलीय, उकारापर्यंत पोचलीय. रोज संध्याकाळी आई भट्टीवरून शेजाऱ्यांच्या मोबाइलवर फोन करते आणि मुलगी तिला वहीतलं पान वाचून दाखवते.

रेंज असेल तर.